घोट्याचे उघडे फ्रॅक्चर : हाडाआधी कातडीचा विचार व्हावा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

अपघाताच्या बातमीत मृतांची संख्या असते आणि तिच्या पाठोपाठ 'अन्य तिघे गंभीर जखमी' असे एक वाक्य असते. बरीच वर्षे हाडांच्या शस्त्रक्रिया करत आल्यामुळे माझे लक्ष त्या दुसऱ्या वाक्यापाशी थांबते, कारण त्या जखमींपैकी कुणाचा तरी घोटा मोडून हाड कातडीबाहेर आलेले असते आणि त्याची खरी कसोटी बातमी छापून झाल्यानंतर सुरू होते. अशा रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलताना एक समज मला वारंवार आढळतो. हाड मोडले आहे, तेव्हा लवकरात लवकर प्लेट बसवली की काम झाले, असे त्यांना मनापासून वाटत असते. पहिल्या शस्त्रक्रियेत प्लेट बसवलीच नाही, जखम धुऊन बाहेरून सळ्यांची चौकट तेवढी लावली, असे कळले की डॉक्टर वेळ काढत आहेत अशी शंका त्यांच्या मनात येते. अशा घोट्याचे भवितव्य बहुतेक वेळा हाडापेक्षा हाडावरच्या कातडीवर आणि मऊ भागांवर ठरते, आणि हे जखमीच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक असले पाहिजे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घोट्याची रचना थोडी समजून घेतली तर पुढचे सारे सोपे होईल. नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला असलेले फिब्युला हे बारीक हाड मिळून खाली एक खाच तयार होते, आणि सुताराने खाचेत कुसू बसवावे तसे टालस हे हाड तीत चपखल बसलेले असते. हे चपखलपण किती नाजूक असावे? टालस बाहेरच्या बाजूला अवघा 1 मिलिमीटर सरकले तर सांध्यातील एकमेकांना टेकणारा पृष्ठभाग सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो, असे 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅम्झी आणि हॅमिल्टन यांच्या प्रयोगात दिसले होते. म्हणूनच हाड तंतोतंत जुळवण्याचा आमचा आग्रह असतो आणि तो योग्यही आहे. परंतु वाचकांनी स्वतःच्या घोट्याच्या आतल्या उंचवट्यावरून एकदा बोट फिरवून पाहावे. मांडीला आणि पोटरीला हाडाभोवती मांसाचे जाड आवरण असते. इथे कातडी संपली की लगेच हाड लागते. मधे जे थोडेफार आहे ते म्हणजे कंडरा, नसा आणि रक्तवाहिन्या. पाय जोरात बाहेर मुडपला की आतल्या बाजूची ही पातळ कातडी नडगीच्या कडेवर ताणली जाऊन आडवी फाटते, हाड बाहेर येते, त्याला माती लागते, आणि कुणी पाय सरळ केला की तेच हाड मातीसकट पुन्हा आत जाते. बाहेरून दिसणारी जखम त्यानंतर दोन बोटांएवढीही असू शकते, आणि आत काय झाले आहे ते तिच्या आकारावरून मुळीच कळत नाही.

उघड्या फ्रॅक्चरची जी वर्गवारी जगभर वापरली जाते ती गस्टिलो आणि अँडरसन यांनी 1976 मध्ये मांडली. 1 सेंटिमीटरपेक्षा लहान, स्वच्छ जखम पहिल्या प्रकारात मोडते. त्याहून मोठी पण आजूबाजूचा भाग फारसा न चिरडलेली जखम दुसऱ्या प्रकारात. आणि मोठी, चिरडलेली किंवा जबर आघाताने झालेली जखम तिसऱ्या प्रकारात. हा तिसरा प्रकार फार विस्तीर्ण ठरल्यामुळे 1984 मध्ये त्याचे ए, बी आणि सी असे तीन भाग पाडण्यात आले. ते पाडताना पाहिले गेले ते हाडाचे किती तुकडे झाले हे नव्हे. हाड झाकायला पुरेशी कातडी आणि मांस उरले आहे का, आणि मुख्य रक्तवाहिनी जोडावी लागणार आहे का, हे पाहिले गेले. वर्गवारीच मुळात आवरणावर आणि रक्तपुरवठ्यावर उभी आहे. शिवाय हा प्रकार अपघात विभागात अंदाजाने ठरवायचा नसतो. जखम ऑपरेशन थिएटरमध्ये उघडून, साफ करून पाहिल्यानंतरच तो खात्रीने सांगता येतो.

पहिल्या तासाबद्दल थोडक्यात लिहितो. घटनास्थळी बाहेर आलेले हाड आत ढकलू नये, जखमेवर कोणतीही पूड किंवा लेप लावू नये, स्वच्छ कापडाने झाकून हलका दाब द्यावा आणि पायाला आधार देऊन जखमीला रुग्णालयात न्यावे. रुग्णालयात पोहोचताच शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवे, शक्यतो दुखापतीपासून तासाभराच्या आत; एक्स-रे, नोंदणी, तज्ज्ञाची वाट पाहणे यांतल्या कशासाठीही ते थांबता कामा नये. 1974 मध्ये पॅटझाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्या फ्रॅक्चरच्या रुग्णांचे गट करून पाहिले, तेव्हा प्रतिजैविक न मिळालेल्या गटात जंतुसंसर्गाचे प्रमाण 13.9 टक्के होते आणि सेफॅलोथिन हे प्रतिजैविक मिळालेल्या गटात 2.3 टक्के. प्रतिजैविकाने एवढा फरक पडत असेल, तर ते देण्यात गेलेला प्रत्येक अर्धा तास मला अक्षम्य वाटतो. त्यासोबत धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे, जखमेचा एक फोटो काढावा आणि मग सलाइनने भिजवलेली घडी ठेवून ती झाकून टाकावी. फोटोचा उपयोग असा की नंतर येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरसाठी पट्टी सोडावी लागत नाही, आणि उघडी जखम दर खेपेस नव्या जंतूंच्या स्वाधीन होत नाही. सांधा निखळलेला असेल तर भूल किंवा वेदनाशामक देऊन पाय तिथल्या तिथे सरळ करावा, कारण हाडाच्या टोकावर ताणून पांढरी पडलेली कातडी फार काळ जगत नाही. सरळ करण्याआधी आणि केल्यानंतर पावलाची नाडी आणि स्पर्श तपासून लिहून ठेवावा.

यानंतर येते ती पहिली शस्त्रक्रिया, जखमेच्या सफाईची. ती सहा तासांच्या आत झालीच पाहिजे, असे आम्हाला विद्यार्थिदशेत शिकवले जाई. त्या सहा तासांचा उगम फ्रीडरिख या जर्मन शल्यचिकित्सकाने 1898 मध्ये गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांत आहे, आणि तेव्हा प्रतिजैविके नव्हती. आज बहुतेक मार्गदर्शक सूचना असे सांगतात की जबर आघाताची जखम साधारण 12 तासांत आणि इतर जखमा 24 तासांत, पण अनुभवी हातांनी साफ व्हाव्यात. मध्यरात्री एकट्या नवख्या डॉक्टराने घाईत केलेल्या सफाईपेक्षा सकाळी पूर्ण चमूने केलेली सफाई बरी, असा त्याचा अर्थ आहे. दिरंगाईला मुभा असा नाही. शेणमातीने किंवा गटाराच्या पाण्याने माखलेली जखम, पोटरीत वाढलेला दाब आणि तुटलेली रक्तवाहिनी यांना मात्र कसलीच सवलत नाही. पावलाला रक्त पोहोचत नसेल तर तासातासाला मांस मरत जाते, आणि तिथे घड्याळ खरोखरच डोक्यावर असते.

सफाई म्हणजे जखमेवर बाटलीभर पाणी ओतणे, अशी कल्पना असेल तर ती सोडून द्यावी. मूळ जखम आम्ही आधी मोठी करतो, आणि 'लहान होती ती एवढी मोठी कशी केली' असा प्रश्न नातेवाईक विचारतात, तोही रास्तच असतो. कोपऱ्यात अडकलेली माती दिसल्याशिवाय काढता येत नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे. कातडीची कड रक्त येईपर्यंत मागे घेतली जाते. मांसाचा रंग पाहिला जातो, चिमट्यात धरल्यावर ते आखडते का आणि कापल्यावर त्यातून रक्त येते का हे पाहिले जाते. राखाडी, लिबलिबीत, निश्चल मांस काढून टाकावेच लागते. हाडाचा सुटा तुकडा चिमट्याने हलकेच ओढून पाहायचा, आणि तो कुठेही न अडकता हातात आला तर त्याचा रक्तपुरवठा तुटला आहे असे समजून तो टाकून द्यायचा. सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग असलेला मोठा तुकडा असेल तरच तो स्वच्छ करून ठेवण्याचा विचार होतो. हाडाच्या टोकाची जाळीदार पोकळी खरवडताना चमच्यात डांबराचा एखादा काळा कण येतो, आणि तो कण आत राहिला असता तर काय झाले असते, हे मनात आल्याशिवाय राहत नाही. त्यानंतर भरपूर सलाइनने, हलक्या धारेने सांधा धुतला जातो. साबणाचे द्रावण किंवा यंत्राची जोरदार धार अधिक चांगली असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सुमारे 2,400 रुग्णांवर झालेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फ्लो' या चाचणीत धारेच्या जोराने फरक पडला नाही, आणि साबण वापरलेल्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ उलट अधिक वेळा आली.

आता प्लेटविषयी. इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. उमेदवारीच्या काळात एका मध्यमवयीन गृहस्थांच्या उघड्या घोट्याची जखम मी धुतली, त्याच रात्री दोन्ही बाजूंनी प्लेट आणि स्क्रू बसवले आणि सुजलेली कातडी ओढून टाके घातले. एक्स-रे इतका सुरेख आला होता की मी तो सहकाऱ्यांना दाखवत होतो. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा टाक्यांच्या कडेने करंगळीएवढा काळा पट्टा दिसला, आणि आठव्या दिवशी त्या फटीतून प्लेटचा चकचकीत पत्रा. पुढे त्या गृहस्थांना आणखी पाच शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या, आणि शेवटी सांधा कायमचा जखडून टाकावा लागला. हाड मी अचूक बसवले होते. त्यांचा सांधा गेला तो मी ताणलेल्या कातडीमुळे. तेव्हापासून मी एक्स-रे पाहण्याआधी कातडी पाहतो.

म्हणूनच गंभीर दुखापतीत सफाईनंतर बहुधा बाहेरची चौकट लावली जाते. नडगीत वरच्या बाजूला आणि टाचेच्या हाडात सळ्या घालून त्या बाहेरून दांड्यांनी जोडल्या की घोटा स्थिर होतो, सूज उतरू लागते, जखम रोज पाहता येते आणि बिघडलेल्या भागात परका धातू शिरत नाही. या सळ्या पुढच्या चिरेच्या आणि जखम झाकायला दुसरीकडून आणायच्या कातडी-मांसाच्या, म्हणजे फ्लॅपच्या, वाटेत येणार नाहीत अशा जागी घालाव्या लागतात, आणि पाऊल खाली लोंबकळत राहून टाच आखडणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते. सी.टी. स्कॅनही चौकट लावून हाड ताणल्यानंतर काढावा, कारण आधी काढलेल्या स्कॅनमध्ये तुकड्यांचा नुसता ढीग दिसतो. अर्थात प्रत्येक उघड्या घोट्याला हा लांबचा रस्ता लागतो असे नाही. जखम आडवी आणि स्वच्छ असेल, सफाईनंतर तिच्या कडा ताण न पडता एकत्र येत असतील, तर त्याच वेळी हाड जोडून जखम बंद करणे सुरक्षित असते आणि अनेक रुग्णांत तसे केलेही जाते. कोणत्या रुग्णाला कोणता मार्ग, हे टेबलावर कातडीकडे पाहून ठरते.

कडा एकत्र येत नसतील तर मात्र प्लास्टिक सर्जनशिवाय गत्यंतर नाही, आणि माझे मुख्य म्हणणे इथेच आहे. मांडीची पातळ साल काढून जखमेवर लावणे, म्हणजे त्वचारोपण, लोकांना माहीत असते. पण ती साल खालून मिळणाऱ्या रक्तावर जगते, आणि वरचे पातळ आवरण निघालेले उघडे हाड, आवरण गेलेली कंडरा किंवा धातू यांच्यावर ती धरत नाही. तिथे स्वतःचा रक्तपुरवठा सोबत घेऊन येणारी कातडी किंवा मांस आणावे लागते, त्यालाच फ्लॅप म्हणतात. कधी तो शेजारच्या पोटरीच्या भागातून फिरवून आणता येतो. जखम मोठी असेल तर मांडीतून किंवा पाठीतून पूर्ण सुटा करून आणतात आणि त्याच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पायातल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. हे केव्हा करावे, याचे उत्तर ल्युब्लियानाचे मार्को गोडिना यांनी 1986 मध्ये 532 रुग्णांच्या अनुभवातून दिले. पहिल्या 72 तासांत केलेल्या फ्लॅपपैकी 1 टक्क्याहून कमी फसले आणि 1.5 टक्के रुग्णांत जंतुसंसर्ग झाला. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंतच्या काळात केलेल्यांत हेच आकडे 12 आणि 17.5 टक्के होते. त्यानंतर तंत्र पुष्कळ सुधारले आहे आणि आठवड्याच्या आत केलेले फ्लॅपही चांगले टिकतात, पण दिशा बदललेली नाही. जखमेतील हवा शोषून घेणारे यंत्र लावून हे दिवस पुढे ढकलता येतात, असा एक समज अलीकडे पसरला आहे. ते यंत्र एक-दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात सोयीचे असते यात वाद नाही. मात्र पायाच्या उघड्या फ्रॅक्चरच्या 460 रुग्णांवरील 'वुल्फ' या 2018 च्या चाचणीत वर्षभरानंतरच्या अपंगत्वात साध्या ड्रेसिंगच्या तुलनेत काहीच फरक दिसला नाही. हाडावर कातडी आणण्याचे काम ते यंत्र करत नाही.

तेव्हा हाडांचा सर्जन आणि प्लास्टिक सर्जन या दोघांनी पहिल्या सफाईच्या वेळीच एकत्र जखम पाहावी, पुढची चीर कुठे पडेल हे मिळून ठरवावे, आणि हाडाची कायमची जोडणी व तिच्यावरचे आवरण ही दोन्ही कामे शक्य तेथे एकाच बैठकीत करावीत. ज्या रुग्णालयात ही सोय नाही, तिथल्या डॉक्टरांनी प्रतिजैविक द्यावे, पाय सरळ करून आधार द्यावा आणि रुग्णाला त्याच दिवशी जिथे दोघेही आहेत अशा ठिकाणी पाठवावे. दहाव्या दिवशी काळी पडलेली जखम आणि आत दिसणारी प्लेट घेऊन येणारा रुग्ण आम्ही पाहतो, तेव्हा त्याला पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता हे आम्हाला कळत असते, पण गेलेले दिवस परत आणता येत नाहीत. 'हे आमच्याकडे होण्यासारखे नाही' असे पहिल्याच दिवशी सांगणाऱ्या डॉक्टरावर नातेवाइकांनी रागावू नये. त्याने त्यांच्या माणसाचा पाय वाचवण्याच्या दिशेने पहिले पाऊल टाकलेले असते.

पाय वाचवायचा की काढायचा, हा प्रश्नही काही घरांपुढे उभा राहतो. एके काळी असा प्रश्नच नसे. हाड कातडीबाहेर आले की पाय कापणे हाच सर्वसाधारण उपाय होता. ग्लासगोच्या रुग्णालयात 1865 च्या ऑगस्टमध्ये जोसेफ लिस्टर यांनी गाडीचे चाक पायावरून गेलेल्या एका मुलाच्या उघड्या फ्रॅक्चरवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी ठेवली आणि तो मुलगा सुमारे सहा आठवड्यांत दोन्ही पायांसह बरा झाला, तिथून हे चित्र पालटू लागले. आज या निर्णयासाठी गुणांकन पद्धती आहेत. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मांडलेल्या पद्धतीत कातडी, हाड आणि मांस-कंडरा-नसा यांना वेगवेगळे गुण देऊन त्यांत रुग्णाचे वय, आजार, रक्तदाब यांसारख्या गोष्टी मिळवल्या जातात. 14 किंवा त्याहून कमी गुण असतील तर पाय वाचवण्याकडे कल ठेवावा, 17 किंवा अधिक असतील तर काढण्याचा विचार करावा, आणि मधल्या दोन गुणांवर अनुभवी माणसांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, असे ती सुचवते. अमेरिकेतील 'लीप' या मोठ्या अभ्यासात 2002 मध्ये असे दिसले की दोन वर्षांनंतर पाय वाचवलेले आणि पाय काढलेले रुग्ण यांच्या एकूण कार्यक्षमतेत फारसा फरक नव्हता. त्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात आणखी एक मोलाची गोष्ट आढळली. तळपायाला स्पर्श कळत नसूनही ज्यांचा पाय राखला गेला, त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा स्पर्श दोन वर्षांत परत आला. त्यामुळे 'तळव्याला कळत नाही, काढून टाकू' हे कारण एकटे पुरेसे मानता येत नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर हा निर्णय त्याच्याशी बोलून व्हावा. तो आपल्या मागे घेतला गेला ही भावना पुढे वर्षानुवर्षे बोचत राहते, हे मी पाहिले आहे.

वृद्ध आणि मधुमेही रुग्णांचा विचार निराळा करावा लागतो. ठिसूळ हाडाचा, घरातल्या घरात पडूनही उघडा झालेला घोटा असेल, तर टाचेतून वर नडगीत जाणारा रॉड घालून सांध्याची हालचाल सोडून देणे आणि माणसाला लवकर पायावर उभे करणे, हा मार्ग पुष्कळदा शहाणपणाचा ठरतो, कारण त्या वयात तीन महिने अंथरुणाला खिळणे घोट्यापेक्षाही घातक असते. मधुमेहात बधिर झालेल्या पावलाला दुखत नाही, त्यामुळे रुग्ण नकळत भार टाकतो आणि स्क्रू उपटून येतात. त्याला आधार अधिक काळ द्यावा लागतो. तंबाखूचा धूर रक्तवाहिन्या आकसवतो, हाड जुळायला वेळ लावतो आणि संसर्ग वाढवतो. या एका बाबतीत रुग्णाच्या हातात खरोखर काही असते, म्हणून सिगारेट-विडी पहिल्या दिवसापासून बंद करा असे मी हात जोडून सांगतो.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी विनंती अशी की अपघातानंतर वर्षभराने त्या बातमीतल्या एखाद्या जखमीकडे त्याच्या संमतीने वार्ताहर पाठवावा. तो जिना उतरताना कोणता पाय आधी टाकतो, किती शस्त्रक्रिया झाल्या, पहिली कितव्या तासाला झाली, प्लास्टिक सर्जनने त्याला पहिल्यांदा कितव्या दिवशी पाहिले आणि कामावर तो केव्हा परतला, हे विचारून छापावे. जखम भरून महिने लोटल्यावर त्याच जागी पुन्हा पाणी किंवा पू येऊ लागला आहे का, हेही विचारावे. तसे असेल तर मनाने गोळ्या न घेता त्याने ज्या सर्जनने शस्त्रक्रिया केली त्यालाच पाय दाखवावा, कारण हाडातला संसर्ग गोळ्यांनी काही आठवडे दबतो आणि आत पसरत राहतो.

कळावे,

आपला नम्र,
एक अस्थिशल्यचिकित्सक